पाऱ्यावरचा उतारा

थर्मामीटरच्या कारखान्यात, भरणीच्या खोलीत नळ्यांमध्ये पारा भरणाऱ्या बायका संध्याकाळी सुटताना कपडे झटकत, केस विंचरत, हात कोपरापर्यंत धूत, आणि तरीही पारा त्यांच्याबरोबर घरी यायचाच. कपड्यांच्या शिवणीत, चपलेच्या टाचेखाली, वेणीच्या पेडात लपून यायचा. ज्याची ही गोष्ट, त्याच्या बायकोबरोबरही पारा कित्येक वर्षं येत राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत एकदा स्वयंपाकघराच्या फरशीवर पाऱ्याचा एक टपोरा थेंब पळताना दिसला, तेव्हा दोघं पालथे पडून, कागदाच्या तुकड्याने त्याला अडवत, लहान मुलांसारखे त्याच्यामागे लागले होते. थेंबाचे दोन झाले, दोनाचे चार झाले आणि कोपऱ्यात जाऊन पुन्हा एक झाले. ती हसून लोटपोट झाली होती. तो स्वतः रसायनांचा माणूस, संशोधनशाळेत नोकरीला, पण त्या दिवशी तोही हसला होता. पुढे ती आजारी पडल्यावर त्याला हे हसणं फार आठवायचं.

पाऱ्याचं विष माणसाला आधी लाजाळू करतं. ज्या बाईने भर सभेत मॅनेजरला सुनावलं होतं, ती दुकानदाराशी बोलताना मान खाली घालायला लागली. कुणी बघत असलं की तिचे हात थरथरायचे. मग सही बिघडली, मग सुईत दोरा जाईना, मग वस्तूंची नावं गेली, आणि नावांपाठोपाठ माणसं. शेवटी शेवटी ती त्याच्याकडे असं बघायची, की हा माणूस ओळखीचा आहे एवढंच तिला कळतंय आणि पुढचं काही सांगता येत नाही. झोपेत त्याचा हात लागला तरी दचकायची, म्हणून त्याने आपली गादी बाहेरच्या खोलीत, टेबलाशेजारी नेली.

दुपारी तिच्यापाशी तिची थोरली बहीण येऊन बसायची. तिला सगळे मोठीच म्हणत. तो तिच्याशी अहो-जाहो करून बोले, ती मात्र त्याला पहिल्यापासून धाकट्या भावासारखी अरे-तुरे करायची. जिभेला हाड नसलेली, पण मनाची सोन्यासारखी बाई. "तू तिकडे उंदरांना शहाणं करतोस," ती म्हणायची, "आणि घरात ही अशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

हे खरंच होतं. संशोधनशाळेत त्याचं काम नेमकं त्याच गोष्टीवर चाललेलं होतं. संस्थेच्या मागच्या ओलसर उतारावर एक खुरटं झुडूप वाढायचं. शास्त्रात त्याला लांबलचक नाव होतं, पण तिथला माळी त्याला कडूबाई म्हणायचा, आणि प्रयोगशाळेतही तेच नाव रूढ झालं होतं. कडूबाईच्या पानांतून वेगळं काढलेलं एक द्रव्य धातूच्या विषाने खंगलेल्या मेंदूला सावरतं, असं त्याला दिसू लागलं होतं. पाण्याने भरलेल्या गोल टाकीत, पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला एक लहान चौथरा असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि एकदा सापडला की जागा लक्षात ठेवतो. ज्यांच्या अंगात पारा गेला होता ते बिचारे रोज नव्याने घाबरत, रोज नव्याने भिंतीला धडकत. ज्यांना पाऱ्याबरोबर कडूबाईचा अर्क मिळाला होता ते सरळ जात आणि चौथऱ्यावर चढून मिशा पुसत बसत.

माणसाला देण्याआधी अजून किती पायऱ्या चढायच्या असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण एका सकाळी बायकोने त्याला हळूच विचारलं, "पाणी कशाने पितात?" आणि तिच्या समोर पेला होता. त्या दिवशी तो संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या खिशात तपकिरी काचेची लहान बाटली होती. मोठीला त्याने सगळं सांगितलं. काय होईल, काय होऊ शकेल, काहीच माहीत नाही हेही सांगितलं.

"याहून वाईट काय होणार आहे?" मोठी म्हणाली. "दे."

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग एकदा चहाचा कप तिने एका हाताने उचलला, तोंडाशी नेला आणि न सांडता खाली ठेवला. तो बघत राहिला. पुढे ती खिडकीतून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागली. वस्तूंची नावं एकेक करत परत आली. सुटीवर गेलेली माणसं परतावीत तशी आली, काही एकटी, काही घोळक्याने. भरणीच्या खोलीतल्या मैत्रिणींची नावं आली, त्यांच्या मुलांचीही आली. तिने शिवणाचं मशीन पुसून घेतलं आणि त्याच्या शर्टाची उसवलेली बाही शिवून दिली. टाके सरळ होते. तो शर्ट हातात घेऊन तो बाहेरच्या खोलीत जाऊन एकटाच रडला.

बाही शिवून देताना ती म्हणाली होती, "घ्या. झाली तुमची बाही."

हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं नाही. आनंदात माणसाचे कान बहिरे होतात. त्या दोघांत कधी 'तुम्ही' नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाच तिने बजावलं होतं, "मी तुला अहो म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते." त्यावरून नातेवाइकांत कुजबूज झाली होती, थट्टा झाली होती. आजारात ती माणसं विसरली, शब्द विसरली, पण त्याला हाक मारायची झाली तर तिने 'अरे' म्हणूनच मारली. आणि आता ती बरी होत होती, दिवसेंदिवस चेहऱ्यावर तेज येत होतं, आणि ती म्हणत होती, तुमचा चहा झाकून ठेवलाय, तुम्हाला उशीर होईल का, तुम्ही आधी जेवून घ्या.

"हे तुम्ही-तुम्ही काय चालवलंयस?" त्याने एकदा हसत विचारलं.

ती गोंधळली. "का? काही चुकलं का माझं?" ती म्हणाली. त्या स्वरात कुठलाही लाजाळूपणा नव्हता. घरची बाई पाहुण्याला विचारते तसा तो स्वर होता. त्याने विषय सोडून दिला. मनात पाल चुकचुकली, ती त्याने हुसकावून लावली. मेंदू सावरतोय, त्याला वाटलं. एखादी गोष्ट जागेवर यायला वेळ लागणारच.

मग एके दिवशी त्याने विचारलं, "पडदे बदलायचे का? फार विटलेत."

"बदलूया की," ती म्हणाली, "हे आले की विचारते."

तो तिथेच उभा राहिला. बायको कुणाला 'हे' म्हणते ते मराठी समजणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. "कोण हे?" त्याने विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबवून तिने वर पाहिलं, किंचित हसली, कुणी खुळचट थट्टा केली म्हणजे हसतात तशी, आणि पुन्हा चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी संशोधनशाळेत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टाकीपाशी बोलावलं. बाई बोलायला फटकळ, पण कामात चोख. "सर, तुमच्या कडूबाईच्या लेकरांची एक गंमत बघा," त्या म्हणाल्या. चौथरा टाकीतून काढून घेतला होता. अशा वेळी उंदीर चौथऱ्याच्या जागी जाऊन तिथे घुटमळतो, त्यावरून त्याला किती आठवतंय ते कळतं. बाईंनी एक उंदीर पाण्यात सोडला. तो चौथऱ्याच्या जागेवरून पुढे गेला, समोरच्या भिंतीजवळ एका ठिकाणी थांबला आणि तिथेच पाय हलवत, डोकं वर काढून तरंगत राहिला. त्यात शोधाशोध नव्हती, घाबरगुंडीही नव्हती. दुसरा सोडला, तोही तिथेच गेला. तिसराही.

"तिथे आधी कधी चौथरा ठेवला होता का?"

"कधीच नाही. टाकीच नवी आहे." बाईंनी उंदराला टॉवेलमध्ये गुंडाळलं. "बाकीचे उंदीर नाही जात. फक्त तुमचे जातात. विसरले म्हणावं तर विसरलेले दिसत नाहीत. त्यांना चांगलं आठवतंय, सर. काय आठवतंय तेवढं विचारू नका."

त्या आठवड्यात त्याने बायकोची स्मरणशक्ती तपासली. चोरून, गप्पांच्या ओघात. तिने लहानपणीच्या घरातल्या गळक्या नळाचं वर्णन केलं, पहिल्या पगारातून घेतलेल्या छत्रीचा रंग सांगितला, कारखान्यात कुठल्या नळीवर काय खूण करत ते सांगितलं. पडताळून पाहता येण्यासारखं जे जे होतं ते सगळं बरोबर निघालं. शेवटी त्याने धीर करून पाऱ्याच्या त्या थेंबाची आठवण काढली. फरशी, कागदाचा तुकडा, दोनाचे चार झालेले.

तिचा चेहरा उजळला. "आठवतं तर! हे आणि मी किती हसलो होतो. पोट दुखायला लागलं होतं." मग जराशी ओशाळून ती म्हणाली, "तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, हात लावू नका, विषारी असतो तो. आम्ही ऐकलं नाही तुमचं. ऐकायला हवं होतं."

बाहेरच्या खोलीत येऊन तो टेबलाशी बसला. रसायनांचा माणूस, पाऱ्याची वाफ काय करते हे ज्याला विद्यार्थिदशेपासून पाठ, तो फरशीवर पालथा पडून पाऱ्याशी खेळला असेल का? आजवर त्याने स्वतःला या हसण्याबद्दल कितीदा दोष दिला होता, पण हा प्रश्न कधी विचारला नव्हता. दारात उभं राहून 'हात लावू नका' म्हणणं त्याच्या स्वभावाला जास्त शोभत होतं. त्याने तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणला. फरशी दिसली, थेंब दिसला, ती हसताना दिसली. आपले स्वतःचे हात मात्र त्या चित्रात त्याला कुठे दिसेनात.

उठून तो दाराशी गेला आणि नेहमीसारखा टाचा उंचावून खुंटीवरचा कोट काढू लागला. टाचा तशाच उंचावलेल्या राहिल्या आणि हात थांबला. ही खुंटी आपणच ठोकली असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आपल्या हाताला न पुरणाऱ्या उंचीवर माणूस खुंटी कशाला ठोकेल?

त्याला आधार होता तो मोठीचा. एवढ्यात ती यायची कमी झाली होती, म्हणून तोच तिच्याकडे गेला. मोठीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. "या ना," ती म्हणाली. "बसा."

बसता बसता त्याने विचारलं, "मोठी, तुम्ही तो अर्क घेताय का?"

"घेते की थोडा. बहिणीने दिला बाटलीतला. चाव्या कुठे ठेवल्या तेच आठवायचं नाही मला, आता बघा कसं लख्ख झालंय सगळं." तिने त्याच्यासमोर पाणी ठेवलं आणि समोर बसली. त्याला धाकट्या भावासारखं झापणारी मोठी आता सावरून, मान राखून बोलत होती. "तुमचे उपकार कसे फेडायचे ते कळत नाही बघा. सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंत तुम्ही तिचं. तिचा माणूस घरात नाही, आणि बाई आजारी. तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

"मी तिचा नवरा आहे, मोठी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. बहिणीकडे ती आजारपणात ज्या मायेने बघायची, त्याच मायेने ती आता त्याच्याकडे बघत होती. "तुम्हीही घेत जा तो अर्क थोडा," ती अगदी हळू म्हणाली. "त्याच घरात राहिलात ना तुम्हीही इतकी वर्षं."

त्यानंतर त्याने जे केलं त्याची लाज त्याला करताना वाटत होतीच. त्याने बायकोच्या औषधाची बाटली रिकामी केली आणि तिच्यात कोऱ्या चहाचा काळाकुट्ट काढा भरला. चवीला तोही कडूच. ती बिनतक्रार घेत राहिली. "तुमचं औषध आज फार कडू लागलं," एवढंच एकदा म्हणाली. तो वाट बघत राहिला. कसली ते स्वतःशीही बोलला नाही.

आधी टाके वाकडे पडायला लागले. मग रस्त्यावरच्या पाट्या ती नुसत्याच बघायला लागली. कप धरताना दुसरा हात मदतीला यायला लागला. आणि एका दुपारी तो दार उघडून आत आला, तर ती खुर्चीत बसली होती. त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं, लहान मुलाचं हसू आलं.

"अरे," ती म्हणाली, "तू कधी आलास?"

तो तिच्या पायाशी बसला आणि त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. हात थरथरत होता. किती वेळ गेला कळलं नाही, पण त्याच्या जिवात जीव आला होता. एवढ्यात आतून जळका वास आला. तो धावत गेला. शेगडीवर भांडं होतं, कोरडं, लाल झालेलं. त्याने शेगडी बंद केली आणि मागे वळला तर ती दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. ती बोट दाखवत होती आणि शब्द शोधत होती. "ते," ती म्हणाली, "ते... बंद करतात ना... मला येईना." आणि मग ज्या मैत्रिणींची नावं महिनाभरापूर्वी तिने धडाधड सांगितली होती, त्यातलं एक तरी नाव सापडावं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत राहिली. तिला कळत होतं. आपण काही कमावलं होतं आणि ते पुन्हा निसटतंय, एवढं तिला नक्की कळत होतं. पहिल्या खेपेला तिला तेवढंही कळलं नव्हतं.

त्याने तिला खुर्चीत बसवलं, तिचा चेहरा पुसला. मग तो संशोधनशाळेत गेला आणि खरी बाटली घेऊन आला. त्याने चमच्यात थेंब मोजले. तिने तोंड उघडलं. त्याने चमचा तिच्या जिभेवर रिता केला, आणि त्या क्षणी आपण आपल्या हाताने काय देऊन टाकतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

मग त्याने तोच चमचा पुन्हा भरला, खिडकीशी उभं राहून थोडा वेळ बाहेर बघितलं, आणि पिऊन टाकला.

ती पुन्हा सावरली, आधीपेक्षा लवकर. 'तुम्ही'ही परत आलं. त्याच्यात मात्र काही फरक पडला नाही. रोज सकाळी जागं झाल्यावर तो स्वतःला विचारून पाही, आणि सगळं जागच्या जागी असे. आपलं लग्न, आपलं घर, ती आपली बायको. डोकं जरा हलकं झालं होतं, फार जुनी गणितं तोंडी सुटत होती, एवढंच. हळूहळू त्याची भीती गेली. मोठी म्हातारी झाली आहे, बायको आजारातून उठते आहे, दोघींनी मिळून एक भ्रम जोपासला आहे आणि तो कधीतरी विरेल, असं त्याने मनाशी ठरवलं. संध्याकाळी कधी तिची मान दाराकडे वळायची आणि ती म्हणायची, "हे आले वाटतं." तेव्हा तो शांतपणे सांगायचा, "कुणी नाही. वारा आहे." तीही मग मान हलवून कामाला लागायची.

अशाच एका संध्याकाळी तो टेबलावर कागद पसरून वाचत बसला होता. बाहेर अजून उजेड होता. आत ती कपड्यांच्या घड्या घालत होती. खालचं मुख्य दार उघडून बंद झालं. जिन्यावर पावलं वाजू लागली, सावकाश, एकेका पायरीवर जरा दम घेत, लांबून प्रवास करून आलेल्या माणसासारखी. आतल्या घड्या थांबल्या.

"हे आले वाटतं," ती म्हणाली.

नेहमीचं उत्तर त्याच्या ओठांवर आलंच नाही. तो ऐकत होता. आणि कसलाही विचार करायच्या आत, अगदी सहज, रोजच्यासारखं त्याच्या मनात आलं, आज लवकर आले. त्याने टेबलावरचे आपले कागद घाईने गोळा केले, खुर्ची नीट सरकवून ठेवली, आणि यजमान आत येताना उभं राहावं तसा तो एका बाजूला उभा राहिला.